मधली चित्रे

हिमायतनगर, हैदराबाद
६ जानेवारी २०२५

इंदुताई,

जयभीम. पुडके आधी उघडले असेल आणि पत्र नंतर, हे मी गृहीत धरतो. आत भोके पाडलेले कोरे कागद आहेत आणि ते खुंट्यांवर अडकवून ठेवणारी तुमची पेगपट्टी आहे. नांदेडला जाताना ती तुम्ही टेबलाच्या खणात विसरलात. मी ती वापरली नाही. फक्त पुसून ठेवत असे.

फोन करता आला असता. परंतु सीनच्या पुडक्याबरोबर चिठ्ठी जाण्याची आपल्याकडे पद्धत होती. तुम्ही खालच्या मजल्यावर आणि मी वरच्या मजल्यावर बसत असूनही आपण ती कधी मोडली नाही. आता मोडण्याचे कारण दिसत नाही.

मुद्दा असा. कुकटपल्लीच्या आपल्या ॲनिमेशन स्टुडिओत दुसऱ्या मजल्यावर काचेखाली दिवा लागतो असे टेबल आता एकच आहे, ते माझे. बाकीच्या टेबलांवर संगणकांची रिकामी खोकी रचलेली असतात. मी सकाळी येतो, खोक्यांमधून वाट काढतो आणि बसतो. दिवसभरात वर कोणी आलेच तर ते खोके न्यायला येते. मजला रिकामा करून संगणकवाल्यांना द्यावा असे वरिष्ठांच्या मनात आहे. त्यातच एक फिल्म आली आहे. सगळी संगणकावरची, मात्र नायिकेला लहानपण आठवते तेवढा भाग पेन्सिलीने काढलेला हवा, असा बंगळूरच्या दिग्दर्शिकेचा आग्रह आहे. गच्चीवर दोन बायका वाळलेल्या चादरीची घडी घालतात. संवाद नाही. आपले मॅनेजर रवीगारू मला म्हणाले, "सार, हा सीन पास झाला तर चार टेबलं राहतील. नाही झाला तर एप्रिलअखेर मजला खाली." ते माझ्याशी खोटे बोलत नाहीत.

हालचालीची टोकाची चित्रे मी काढीन. एक टोक ते दुसरे टोक यांमधली चित्रे कोणी काढायची हा प्रश्न आहे. रवीगारूंचे म्हणणे, ती आता संगणक काढतो. काढतो, हे मी पाहिले. त्यात माणूस एका जागेवरून दुसऱ्या जागी पोहोचतो. जात मात्र नाही.

तुम्ही काढाल का?

आपला
अनिरुद्ध गच्चे


नांदेड
१९ जानेवारी

अनिरुद्धराव,

जयभीम. हे अक्षर माझं नाही हे तुम्ही पाकिटावरच ओळखलं असेल. मी बोलते आहे आणि माझी भाची सुमेधा लिहिते आहे. हात चित्रांसाठी राखून ठेवला आहे. या वयात दोन्हीकडे खर्च करून चालत नाही.

तुमचं पत्र सुमेधानं उघडलं, दोन ओळी वाचल्या आणि म्हणाली, मावशी, तुला इन्कमटॅक्सची नोटीस आली. मी म्हटलं, नाही ग, बी.कॉम. झालेला माणूस चित्रं काढायला लागला की अशीच पत्रं लिहितो.

काढीन. पाठवा.

पण मला एक सांगा. चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात. तुम्ही एकटे राहता. मग बघता कुणाला? स्वतः कशी घालता? हनुवटीखाली धरून घालत असाल, मला माहीत आहे. त्याचा सीन काढू नका, फार वाईट दिसेल.

जेवण अजून नारायणगुड्याच्या त्याच मेसमध्ये का? तिथली आंबाडीची भाजी अजून तशीच का? इथे आंबाडी मिळते, पण गोंगूरा म्हटल्याशिवाय मला तिची चव लागत नाही. हैदराबादनं जीभ बिघडवून ठेवली.

पेगपट्टी मी विसरले नव्हते. ठेवून आले होते.

इंदू

(सर, मी सुमेधा. माझी शाळा इंग्लिश मिडियम. मावशी सांगते ते लिहिलं आहे. स्पेलिंग चुकलं असेल तर मावशीला सांगू नका, मला सांगा.)


हिमायतनगर
२८ जानेवारी

इंदुताई,

सोबत सीनच्या पहिल्या अर्ध्या भागाची टोकाची चित्रे आहेत: दोघी चादर ताणतात, लांबीत दुमडतात, झटका देतात. मधल्या चित्रांची विभागणी दाखवणारा चार्ट नेहमीप्रमाणे प्रत्येक कागदाच्या डाव्या कोपऱ्यात आहे. झटक्यानंतर कापडातली लाट एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाते, तिथे चित्रे दाट ठेवावीत. रेघ स्वच्छ असावी, थरथर नको. ही सूचना तुम्हाला करण्याची गरज नाही, तरी सवयीने केली.

घडीबाबतचा तुमचा तर्क बरोबर आहे. हनुवटीच. म्हणून मला निरीक्षणाची सोय बाहेर शोधावी लागली.

रविवारी मी अजून गौलीगुड्याला जातो. बसस्टँडाच्या बाजूला, बाजारात शिरण्याच्या वाटेवर उभा राहतो आणि ओझी उचलणारी माणसे काढतो. खिशात मावेल अशी वही, बोटभर उरलेली पेन्सिल, आणि नजर कागदावर न आणण्याचा नियम. चेहरे काढत नाही. चेहऱ्यात शिरलो की पाठ निसटते. ओझे उचलण्याआधी माणूस किंचित खाली जातो, जणू ओझ्याला सांगतो की मी येतो आहे; ते सापडले की बाकीचे चित्र आपोआप येते. दुपारपर्यंत वही भरते. तेवढ्या वेळात माझ्याशी कोणी बोललेले नसते आणि परत आल्यावरही कोणी बोलायचे नसते, त्यामुळे कामात खंड पडत नाही.

परंतु बसस्टँडावर कोणी चादरीची घडी घालत नाही. सुदैवाने माझ्या खिडकीसमोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक सासू आणि सून सकाळी दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला येतात. मी त्यांना रोज काढू लागलो. गेल्या शुक्रवारी दाराची बेल वाजली. माझ्या दाराची बेल वाजली की मी आधी ती शेजारची असावी असे मानतो. दारात त्या घरचे गृहस्थ होते, चाळिशीचे, अंगावर इस्त्रीचा शर्ट.

"चचा, रोज हमारे छत पे क्या देखते आप?"

मी खुलासा करण्याऐवजी वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी पाने उलटली. बराच वेळ उलटली.

"ये तो चादर है."

चादरच पाहतो, असे मी सांगितले.

"औरतां किधर हैं इसमें?"

मी दाखवले, हा खांदा, हे कोपर, येथे कमरेतून वजन मागे गेले आहे.

"खांदा तो है," ते म्हणाले, "औरतां नै हैं." मग वही परत देऊन, राग गेलेला असला तरी तो अजून आहे असे दाखवत म्हणाले, "चाय पीना है तो घर आ जाओ, चचा. छत को मत देखो."

मी चहाला गेलो नाही. गच्चीकडे पाहणेही बंद केले आहे. वहीत जे आहे त्यावर पुढचे काढीन.

मेस तीच आहे. आंबाडी बुधवारी असते.

पेगपट्टी मुद्दाम ठेवून आलात, हे मला कळले नव्हते. कशासाठी?

आपला
अनिरुद्ध


नांदेड
१४ फेब्रुवारी

अनिरुद्धराव,

उशीर झाला, माहीत आहे. चित्रं सोबत आहेत. पूर्वी एवढं काम मी चहा आणि डबा यांच्यामध्ये उरकत होते, ते आठवून मला हसू नका.

त्या गच्चीवाल्यांनी तुम्हाला चहाला बोलावलं आणि तुम्ही गेला नाहीत. हैदराबादमध्ये जन्म काढून तुम्हाला एवढंही कळत नाही का, की तो भांडायला आला होता आणि जाताना दोस्ती करून गेला? जायला पाहिजे होतं. चहा पिता पिता गच्ची दिसली असती.

चादरीची लाट काढताना मजा आली. अगदी खरं सांगते, खूप दिवसांनी काही जमतंय असं वाटलं. तुमच्या चार्टप्रमाणे दाट ठेवली आहे. तपासा आणि कळवा. लवकर कळवा.

पेगपट्टीचं पुन्हा कधी.

इंदू

(सर, मावशी रोज रिप्लाय आला का विचारते, पार्सल जायच्या आधीपासून. — सुमेधा)


हिमायतनगर
२० फेब्रुवारी

इंदुताई,

चित्रे मिळाली. ती मी पेगवर लावून उलटून पाहिली, नंतर दिव्यावर एकेक पाहिली, आणि एक दिवस जाऊ देऊन पुन्हा पाहिली. जे लिहितो आहे ते घाईने लिहीत नाही.

ही चित्रे तुमची नाहीत.

कारणे देतो. तुमची रेघ डावीकडून निघते, आरंभी दाट असते आणि उजवीकडे जाता जाता विरते. ती मी अंधारातही बोटाने ओळखीन. कागदाच्या मागून तिचा उठाव लागतो. या चित्रांत रेघ उजवीकडे दाट आहे आणि डावीकडे विरली आहे. तळहाताने पसरलेली पेन्सिलीची काजळी तुमच्या कागदांवर उजव्या कडेला असते. येथे ती डाव्या कडेला आहे. लांब वळणे एका दमात नाहीत, तुकड्यांनी जोडलेली आहेत. यावरून निष्कर्ष एकच निघतो: चित्रे डावखुऱ्या आणि नवशिक्या व्यक्तीने काढली आहेत. तुम्ही डावखुऱ्या नाहीत आणि नवशिक्या तर नाहीतच.

तुमची पत्रे सुमेधा लिहिते. चित्रेही तिनेच काढली असावीत. तिच्या परिश्रमांविषयी मला अनादर नाही. परंतु मी काम तिला दिले नव्हते. वेळ नसेल, इच्छा नसेल, तर तसे एका ओळीत कळवता आले असते. मी रवीगारूंना सांगून सीन संगणकाकडे सोपवला असता. मजला गेला असता, एवढेच. आपल्यात चिठ्ठीवर खोटे लिहिण्याची पद्धत नव्हती.

चित्रे परत पाठवत आहे.

अनिरुद्ध गच्चे


नांदेड
९ मार्च

सर,

मी सुमेधा. हे पत्र मी स्वतः लिहिते आहे, मावशीला माहीत नाही. ती विहारात गेली आहे. मराठीत चिडून कसं लिहायचं मला नीट येत नाही, पण ट्राय करते.

मी राइट हँडेड आहे. मला चित्रातलं काहीही येत नाही. मी काढलेली गाय बघून माझ्या टीचरनी विचारलं होतं, ही खुर्ची का?

गेल्या जूनमध्ये मावशीची उजवी बाजू गेली. सकाळी चहा गाळताना. पाय परत आला, हात नाही आला. बोलणं आधी जड होतं, आता नीट आहे. तिनं कुणालाच कळवू दिलं नाही, हैदराबादला तर अजिबात नाही. दिवाळीपासून ती जुन्या पेपरवर डाव्या हातानं गोल काढत बसायची. नुसते गोल. आम्हाला वाटलं टाइमपास आहे. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा तिनं ते टीव्हीला टेकवून उभं ठेवलं आणि त्या दिवशी आमच्याकडे टीव्ही लागला नाही.

ती चित्रं काढताना ती कागद दातानं धरून पेगवर बसवायची. मी मदत करते म्हटलं तर म्हणाली, हात लावू नको, त्यांना कळेल.

तुम्हाला कळलं, पण उलटं कळलं.

तुमचं पत्र मीच तिला वाचून दाखवलं. चष्मा तिच्याजवळच होता, पण तिला ऐकायचं होतं. मी मध्ये थांबले तर म्हणाली, पूर्ण वाच, असं पत्र मध्ये सोडायचं नसतं. मग म्हणाली, बरोबर लिहिलं आहे, रेघ उलटीच आहे. आणि पुडकं कपाटावर टाकून दिलं. तेव्हापासून गोल पण बंद.

मी सांगितलं हे तिला कळू देऊ नका. पण काहीतरी करा.

सुमेधा


हिमायतनगर
१५ मार्च

इंदुताई,

माझ्या मागील पत्रातील निष्कर्ष चुकीचा होता. तो कसा चुकला हे लिहिण्याची अनुमती मी स्वतःला देत नाही, कारण स्पष्टीकरण दिले की चूक लहान वाटू लागते. कृपया ते पत्र रद्द समजावे.

मी परत पाठवलेली चित्रे मला परत हवी आहेत. तीच, दुरुस्ती न करता. त्यांची अनुपस्थिती मला टेबलावर जाणवते. तुमच्या जुन्या चित्रांची आठवण धरून मी ही तपासली, ही पाहिलीच नाहीत. लाट चांगली होती. पहिल्याच दिवशी उलटताना वाऱ्याने कापड जड झाल्यासारखे वाटले होते आणि ते मी लिहिले नाही.

सोबत सीनच्या उरलेल्या भागाची टोकाची चित्रे आहेत. झटका दिल्यानंतर एक बाई चालत दुसरीकडे येते, आपल्या हातातली दोन टोके तिच्या हातात देते, खाली लोंबणारी घडी उचलते आणि मागे जाते. येथेच सीन संपतो.

मुदत एप्रिलअखेरची आहे, परंतु तिचा विचार करू नये. थांबत थांबत काढावे. लांब वळण तुकड्यांनी जोडले तरी चालेल. रेघ थरथरली तरी चालेल.

बुधवारी मेसमध्ये आंबाडी होती. मी वाटी पुन्हा मागून घेतली. वाढणाऱ्या पोट्टम्माने विचारले, "एम सार, आज कोणी येणार आहे का?" नाही म्हणालो.

आपला
अनिरुद्ध


नांदेड
७ एप्रिल

अनिरुद्धराव,

हे अक्षर माझं आहे. डाव्या हाताचं. ओळी खाली घसरतात, तुम्ही कागद तिरका धरून वाचा.

पुडकं उघडलं. चार्ट उजव्या कोपऱ्यात. इतक्या वर्षांत तुम्ही चार्टची जागा बदलली नव्हती. डावा हात डाव्या कोपऱ्यावर येतो, चार्ट झाकला जातो, म्हणून तुम्ही तो उचलून पलीकडे ठेवलात आणि पत्रात एक अक्षर लिहिलं नाहीत. सुमेधाला मी काही विचारलं नाही. ती समोर बसून कांदा चिरत होती आणि मान वर करत नव्हती.

तेव्हा झालं ते झालं. रडूबिडू नका. पाय चालतो. विहारापर्यंत जाते, येते.

जुनी चित्रं आणि नवी, दोन्ही सोबत आहेत. नव्यातलं शेवटचं काम मात्र मी केलेलं नाही. ज्या जागी एक बाई दुसरीच्या हातात टोकं देते, तिथली मधली चित्रं कोरी आहेत. का ते सांगते. हात दुखला म्हणून नाही.

तुमच्या टोकाच्या चित्रात त्या दोघी एकमेकींपासून हातभर लांब थांबतात. टोक लांबूनच पुढे करतात, लांबूनच घेतात. तुमची माणसं नेहमीच तिथे थांबतात. लसीकरणाच्या फिल्ममधली नर्स आठवते का? बाप लेकराला सायकल शिकवतो तो सीन? कागदावर तुमच्या बापाचा हात लेकराच्या पाठीच्या अलीकडेच थांबायचा. पडद्यावर मात्र पोहोचायचा. कसा पोहोचायचा, विचारलंत कधी?

मी पोहोचवायचे. मधल्या चित्रांत. तुमच्या टोकाच्या चित्रापर्यंत जायच्या आधी पाऊल जरासं पुढे न्यायचं, हात टेकवायचा आणि मग मागे आणून तुमच्या चित्रात बसवायचा. कागदावर ते बोटाच्या पेराएवढंही नसायचं. तुम्ही रेघ तपासायचात, वळण तपासायचात. हे तुम्हाला कधी दिसलं नाही. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्याचा नियम केला असता आणि मग ते मेलं असतं.

आता माझा डावा हात समोर असेल तेवढंच काढतो. लबाडी करायला उजवा लागायचा.

तेव्हा या वेळी ते चित्र तुम्हालाच काढावं लागेल. त्या दोघींना जवळ आणा. ते गच्चीवाले गृहस्थ बरोबर बोलले होते, खांदा आहे, बायका नाहीत.

पेगपट्टी ठेवून आले कारण वाटलं, द्यायला तरी याल. तुम्ही पुसून ठेवलीत.

इंदू


हिमायतनगर
१६ एप्रिल

इंदुताई,

पत्र मी स्टुडिओत वाचले आणि लगेच तळमजल्यावरच्या कोठीत गेलो. जुनी पुडकी अजून तेथे आहेत. नर्स सापडली, सायकलचा सीन सापडला. वर आणून पेगवर लावले आणि उलटले. मग फक्त माझी टोकाची चित्रे बाजूला काढून तेवढीच उलटली. मग पुन्हा तुमच्यासकट. तुम्ही लिहिले आहे तसेच आहे. बापाचा हात पोहोचतो आणि परत येतो, आणि माझ्या चित्रात तो आला तेव्हा तो पोहोचून आलेला आहे, हे पाहणाऱ्याला कळते. मला कळले नव्हते.

यानंतर मी आणखी एक काम केले. तुम्ही नांदेडला गेल्यानंतर मी ज्यांच्याबरोबर काढले ते सीन मागवले. त्यांत कोणीही कोणापर्यंत पोहोचलेले नाही. सगळे पास झाले आहेत. कोणी तक्रारही केली नाही.

तुमच्या चित्रांचे चित्रीकरण करून पाहिले, कोऱ्या जागा कोऱ्याच ठेवून. डावीकडच्या बाईची रेघ थरथरते, त्यामुळे तिच्या बाजूला वारा आहे असे वाटते. मी ती दुरुस्त केलेली नाही. रवीगारू मागे उभे राहून पाहत होते. म्हणाले, "चादर बागुंदी, सार, छान आहे. पण त्या दोघी बँकेच्या लायनीत उभ्या असल्यासारख्या का?" मी म्हणालो, ते चित्र अजून झालेले नाही.

मग ते माझ्या बाजूच्या खोक्यावर बसले. ते कधी बसत नाहीत. त्यांनी सांगितले की मजल्याचा निर्णय झाला आहे. सीन कसाही झाला तरी टेबले जाणार. वरच्यांनी त्यांना विचारले नाही. सीन पुरा झाला तर फिल्ममध्ये राहील, तेवढे ते पाहतील. हे सांगायला त्यांना चार दिवस लागले, असेही ते म्हणाले. मी त्यांना चहा मागवला. त्यानंतर आम्ही दोघांनी ती चादर पुन्हा एकदा पाहिली.

म्हणजे ज्यासाठी मी तुम्हाला जानेवारीत लिहिले होते, ते आता उरलेले नाही. तरी ते चित्र राहिले आहे.

मी ते काढण्याचा प्रयत्न केला. पहिल्यांदा दोघींना जवळ आणले, तर त्या एकमेकींवर आदळल्या. कोपरे वाकवली, तर चादर मध्ये चुरगळली. टोक देताना बोटे कोठे जातात, टोक देणाऱ्याचे वजन तेव्हा कोणत्या पायावर असते, घेणारा चादरीकडे पाहतो की माणसाकडे, हे वहीत कोठेही नाही. इतके दिवस पाहिले, परंतु मी कापडच पाहत होतो. काल समोरच्या इमारतीत चहाला गेलो. चार मजले उतरून चार मजले चढलो. ते म्हणाले, "आ गये, चचा?" जणू मी गेल्याच आठवड्यात येणार होतो. त्यांच्या आई आणि पत्नी गच्चीवर होत्या. मी त्यांच्याकडे पाहिले नाही. पाहावेसे वाटले नाही. हे दुसऱ्यांच्या घरात पाहून येणारे नाही, असे वाटले. आयुष्यात मी चादरीचे एक टोक धरले आहे; दुसरे कोणी धरलेले असताना ते कसे लागते हे मला माहीत नाही.

माझ्या टेबलाचा काच आणि दिवा असलेला भाग, म्हणजे लाइट बॉक्स, मी मागून घेतला. रवीगारूंनी स्वतः खाली आणून रिक्षात ठेवला.

शनिवारी सकाळच्या गाडीने तो घेऊन नांदेडला येत आहे. पेन्सिली तुमच्याकडे असतील. टेबल एकच लागेल, बाजू दोन आहेत. काच प्रवासात फुटू नये म्हणून माझ्या पलंगावरच्या चादरीत गुंडाळली आहे. चादर धुतलेली आहे, मोठी आहे, आणि तिची घडी मी आजवर नीट घातलेली नाही. काच काढली की ती मोकळी होईल. दोन टोके मी धरीन. एक तुमच्या डाव्या हातात राहील. चौथ्याचे काय करायचे ते तिथे येऊन पाहू.

अनिरुद्ध